मंडईतला अर्धा ओटा

आमच्या गावात आजकाल काहीही झालं तरी ते आधी मोबाइलवर होतं. नगरपरिषदेच्या बातम्यांचा एक ग्रुप आहे. नळ कधी येणार, घंटागाडी कोणत्या गल्लीत बंद पडली, कोणत्या चौकात नवे दिवे लागले, सगळं तिथे फोटोसकट येतं. नाली साफ केल्याच्या फोटोत नालीपेक्षा माणसंच जास्त दिसतात. पण नाली खरंच साफ झालेली असते, हे मी कबूल करते. माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन कामाचं दुकान नगरपरिषदेच्या अगदी समोर आहे, त्यामुळे निंदा आणि कौतुक दोन्ही करायचा अधिकार मी स्वतःकडे घेतलेला आहे. नवा सिमेंटचा रस्ता महिन्याभरात पाइपलाइनसाठी फोडला तेव्हा मी दुकानाच्या दारात उभी राहून जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

याच ग्रुपवर एक दिवस माझ्या मायचा फोटो आला. नव्या भाजी मंडईतल्या ओट्यावर ती बसली आहे, डोक्यावर पदर, एका बाजूला पालक, मेथी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या, दुसऱ्या बाजूला वांग्यांचा ढीग. खाली लिहिलं होतं की भाजी विकणाऱ्या भगिनींना हक्काची जागा मिळाली. लोकांनी हात जोडले, फुलं पाठवली, टाळ्या वाजवल्या. माझ्या नणंदेनं पुण्याहून फोन केला, "तुझी आई तर गाजली."

त्या फोटोतली वांगी मायची नव्हती. वांगी जिची होती तिला फोटो काढणाऱ्यानं "मावशी, तुमी जराशा बाजूले व्हा" म्हणून सरकवलं होतं. नीट पाहिलं तर कोपऱ्यात तिच्या लुगड्याचा काठ दिसतो. तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. पुसून टाकावा असं कितीदा वाटलं, पण माझ्याच्यानं ते होत नाही.

ती मावशी म्हणजे मायची बाजारातली शेजारीण. नात्यानं कोणी नव्हे. आमचा मळा गावाला लागून, नाल्याच्या काठाला. मावशी लांबच्या एका वस्तीवरची. तिथे कोणाच्या तरी विहिरीवर तिनं तुकडाभर जमीन बटईनं, अर्ध्या वाट्यावर, केली होती, त्यात वांगी आणि मिरच्या लावायची. पहाटेच्या काळीपिवळी जीपनं टोपलं घेऊन यायची. तिचा नवरा आणि मुलगा दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. आधी तीही जायची. पुढे तिची कंबर गेली, आणि नेमकी त्याच सुमारास जुन्या पाण्याच्या टाकीखाली मायच्या शेजारची जागा रिकामी झाली. मावशी तिथे पोतं अंथरून बसली आणि मग ऊसतोडीला गेली नाही. "ह्या पोत्यानं मले कोयत्यापासून सोडवलं," असं ती म्हणायची. मी लहानपणी ते ऐकून हसायचे. तिच्या दृष्टीनं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

टाकीखाली बसणाऱ्या बायांची एक रीत होती. कोणाला पाणी प्यायला, दवाखान्यात किंवा आणखी कुठे जावं लागलं तर शेजारणीनं तिचा माल आपल्याकडे ओढून घ्यायचा. मग कोणीही विचारलं, "हे कोनाचं?" तर एकच उत्तर, "माहं." गिऱ्हाइकानं विचारलं तरी हेच, नगरपरिषदेच्या माणसानं विचारलं तरी हेच. कारण अतिक्रमणाची गाडी आली की ज्या टोपल्याला धनी दिसत नाही ते आधी उचललं जायचं. एकदा उचललेलं टोपलं सोडवून आणेपर्यंत त्यातली भाजी जनावराला घालायच्या लायकीची व्हायची. तेव्हा विचार करायचा नाही, मागे वळून पाहायचं नाही, "माहं हाय" म्हणून मोकळं व्हायचं. माय आणि मावशीनं हे एकमेकींसाठी इतक्यांदा म्हटलं असेल की त्यांना त्यात खोटं काही वाटतच नसे. खरं सांगायचं तर ते खोटं नव्हतंच.

मंडईची मागणी या बायांचीच. टाकीखाली उन्हाळ्यात सावली दुपारपर्यंत सरकून जायची, पावसाळ्यात चिखल व्हायचा, आणि लघवीला जायचं म्हणजे कोणाच्या तरी घरी हातापाया पडावं लागायचं. बाया पहाटेपासून पाणीच पीत नसत. म्हणून मी त्यांच्या वतीनं अर्ज लिहिला, त्यावर सगळ्यांनी अंगठे उमटवले, कोणी सह्या केल्या. मावशीचा अंगठाही होता. आणि यावेळी नगरपरिषदेनं ऐकलं. मंजुरी आली, जागा ठरली. दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी ते सांगत सुटले होते. आज मागे वळून पाहताना त्या दिवसांतली माझी स्वतःची चढलेली मान मला दिसते आणि कसंसंच होतं.

ओटे कोणाला द्यायचे हे ठरवण्यासाठी आधी सर्वेक्षण झालं. ते नेमकं रामनवमीच्या दिवसांत. मावशीनं मुलाला मूल व्हावं म्हणून पोहरादेवीला नवस केला होता, आणि मूल झालं होतं. शेजारच्या तांड्यावरचे लोक गाडी करून निघाले तशी तीही त्यांच्याबरोबर गेली. जाताना वांगी तोडून काळीपिवळीवाल्याजवळ दिली, "माह्या बाईले दे" म्हणून सांगितलं. एकमेकींना त्या दोघी नुसतं 'बाई' म्हणायच्या.

माय त्या दिवशी दोन्ही पोत्यांच्या मधोमध बसली होती. सर्वेक्षणवाली पोरं आली, गळ्यात ओळखपत्रं, हातात मोबाइल. उन्हानं बेजार झालेली, बोलायला गोड. त्यांनी मायचं नाव विचारलं, आधार पाहिलं, फोटो काढला. मग एकानं वांग्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हे कोणाचं, मावशी?"

माय म्हणाली, "माहंच हाय."

पोरानं मान डोलावली आणि पुढे गेला. इतकंच झालं. कोणी ओरडलं नाही, कोणी कोणाला फसवलं नाही. शेजारच्या एकाही बाईच्या डोक्यात आलं नाही की मायला थांबवावं. त्यांच्या कानांना ते उत्तर इतकं सवयीचं होतं. दुसऱ्या दिवशी मावशी पोहरादेवीचा प्रसाद घेऊन आली, मायनं तिला वांग्यांचे पैसे दिले, आणि मोबाइलवाले येऊन गेले हे सांगायचंही मायला सुचलं नाही.

मंडई बांधायला वर्ष गेलं, वर आणखी एक पावसाळा. काम चाललेलं असताना ग्रुपवर फोटो येत राहिले. खड्डे, मग खांब, मग निळं छत. माय आणि मावशी बाजार उरकल्यावर तिकडून चक्कर मारून यायच्या. अजून ओटे झाले नव्हते तेव्हाच त्यांनी आपली जागा ठरवून टाकली होती, नळाजवळची, मधल्या बोळीतली. कोण डावीकडे बसेल यावरून त्यांचं भांडणही झालं. मावशी डाव्या हातानं तोलायची, तिला डावीकडची जागा हवी होती. मायनं बराच वेळ ताणून धरलं आणि मग ती सोडली. घरी येऊन मला म्हणाली, "द्यावंच लागते बाप्पा, लेकरावानी हट्ट करते ते."

यादी लागली तेव्हा मीच वाचली. माझ्या दुकानात त्या यादीच्या झेरॉक्स काढायला रांग होती. मायचं नाव सापडलं. मावशीचं सापडेना. मी वरून खाली, खालून वर पाहिलं. एकीकडे लोक "माहं हाय का, माहं हाय का" करत होते आणि मी पुन्हा पहिल्या नावापासून बोट फिरवत होते.

मी रस्ता ओलांडून नगरपरिषदेत गेले. साहेब भला माणूस. खुर्ची दिली, चहा सांगितला, मोबाइलवरचं सर्वेक्षण उघडून दाखवलं. मायचा फोटो होता. मागे दोन्ही ढीग होते. साहेब म्हणाले, "ताई, मुलांनी विचारलं होतं. दोन्ही जागा माझ्याच असं तुमच्या आईंनीच सांगितलं. आता यादी मंजूर झाली. पुन्हा सर्वेक्षण होईल तेव्हा त्यांचं नाव नक्की घेऊ." कधी होईल ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी अर्ज दिला, पोच घेतली, बाहेर आले. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असं झालं असतं तर मी टेबलावर हात आपटला असता. इथे आपटायला जागाच नव्हती. चूक आमच्या घरची होती, आणि तिला चूक म्हणावं असं मला वाटत नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा माय भाकरी थापत होती. थापलेली भाकरी तव्यावर टाकायची राहिली. म्हणाली, "म्यां कायले तसं म्हटलं वो?" मग पुन्हा, "ते तर नेहमीच म्हनतो आमी." त्यानंतर कित्येक दिवस तिचं हेच चाललं होतं. पालक निवडता निवडता मध्येच हात थांबायचा आणि ती म्हणायची, "एक डाव तिचं नाव सांगतलं असतं तं?" ती रागावली असती, रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मावशीनं मात्र ऐकलं तेव्हा मायच्या दंडावर चापट मारली. "कायले रडून राह्यली वो बाई? तुहा ओटा तो माहा ओटा." आणि खरंच, मंडई सुरू झाली तेव्हा दोघी एकाच ओट्यावर मावल्या. ओटा एकीच्या मापाचा होता. गुडघ्याला गुडघा लागायचा. माय उजवीकडे, मावशी डावीकडे, मध्ये तराजू. वर छत, मागे नळ, पलीकडे बायांसाठी संडास, त्याला आतून कडी. पहिल्या दिवशी मावशी चार वेळा पाणी प्यायली आणि प्रत्येक वेळी सगळ्यांना सांगून आली. तो फोटो त्याच दिवशीचा.

टाकीखाली बसायला आता बंदी झाली. तिथे कुंड्या ठेवल्या, कारंजं बसवलं. ते संध्याकाळी चालू असतं, लेकरं खेळतात, छान दिसतं. मी स्वतः माझ्या मुलीला तिथे घेऊन जाते. जातेवेळी ते पोतं मला आठवतं.

नगरपरिषदेनं मंडईवर एक देखरेख करणारा पोरगा नेमला होता. स्वभावानं बरा होता. दोघींना एका ओट्यावर पाहून त्यानं काही दिवस काणाडोळा केला. पण यादीत नाव न आलेली बाई एकटी मावशीच नव्हती. त्यातल्या एकीनं मंडईत येऊन त्याला सगळ्यांसमोर धरलं. "हिले बसू देता, मंग आमाले काहून नाही?" तिचंही चुकत नव्हतं. पोरगा गोरामोरा झाला आणि मायच्या ओट्याशी आला. मी त्या वेळी तिथेच होते, लिंबं घ्यायला गेले होते. मावशी नळावर गेली होती. त्यानं वांग्यांच्या टोपल्याला हात लावला आणि विचारलं, "हे कोणाचं, मावशी?"

मी मायच्या तोंडाकडे पाहत होते. आता ती काय म्हणणार हे मला ठाऊक होतं, असं मला वाटलं. सगळ्या बायांनाही ठाऊक होतं. पोरग्यालाही असावं, कारण त्यानं ते विचारतानाच जायला पाऊल उचललं होतं.

माय उठून उभी राहिली. "तिचं हाय," ती म्हणाली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माहं नाही. ते नळावर गेली, तिचं हाय. तिचं नाव लिहून घ्या, सायेब. मांगच्या डावाले मी चुकलो. आता लिहून घ्या."

पोरगा जागच्या जागी थांबला. "मावशी, असं म्हणू नका," तो हळूच म्हणाला. "ओटा दुसऱ्याला दिला तर तुमचाच रद्द होतो." पण आता सगळ्यांनी ऐकलं होतं. तक्रार करणारी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. माय पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, "तिचं हाय, लिहा ना." तिचा चेहरा उजळला होता. तिला वाटत होतं की आता सगळं नीट होणार.

मावशी ओले हात पदराला पुसत आली. काय झालं ते तिला कोणी सांगायची गरज पडली नाही. मायचा ओटा रद्द होऊ नये म्हणून तिनं टोपल्यात पसरलेली वांगी सारखी केली, चुंबळ डोक्यावर ठेवली. मी टोपलं उचलायला हात लावला. जाता जाता ती मायला म्हणाली, "बाई, आता तं माहं म्हनायचं होतं वो."

त्यात राग नव्हता. होता तो नुसता थकवा, आणि तोच मायला जास्त लागला.

नंतर मावशी काही दिवस बाहेरच्या रस्त्यावर फाट्याजवळ बसली. तिथून लोक गाडीनं भरधाव जातात, वांगी घ्यायला कोण थांबतं? मी पुन्हा अर्ज दिला. साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनीही चहा सांगितला. माय रोज ओट्याच्या उजव्या अर्ध्या भागातच बसायची. डावीकडे एक जुडीसुद्धा ठेवायची नाही. गिऱ्हाईक वांगी मागायचं तेव्हा म्हणायची, "वांगेवाली येयाची हाय."

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मावशी माझ्या दुकानात आली. मंडईत गेली नाही, सरळ माझ्याकडे आली. बाहेर रस्त्याच्या कडेला ऊसतोडीला निघालेला एक ट्रक उभा होता, त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या, माणसं. तिचा मुलगा वर बसून आवाज देत होता. मावशीच्या कमरेला घट्ट पट्टा बांधलेला होता, दवाखान्यातून मिळतो तसला. तिनं पिशवीभर वांगी माझ्या टेबलावर ठेवली. "शेवटचा तोडा हाय. मायले देजो."

"मावशी, कंबर?" मी विचारलं.

"आता काय," ती म्हणाली. "पोरगं म्हनते, मोळी नको बांधू, सैपाक कर." मग दाराकडे वळून, "तुह्या मायले म्हनजो, जागा सोडू नको." आणि ती ट्रकमध्ये चढली. चढली म्हणजे दोघांनी वरून ओढली आणि एकानं खालून उचलली.

मी पिशवी घेऊन मंडईत गेले. मायला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग ओट्याच्या डाव्या बाजूला स्वतःचं पोतं पसरलं आणि त्यावर वांगी मांडली. मावशी मांडायची तशी, देठ आत आणि चमकती बाजू बाहेर. ताजी, काटेरी देठाची वांगी होती. लगेच एक गिऱ्हाईक थांबलं. एक नवी नवरी असावी, तिनं वांगं हातात घेऊन विचारलं, "कोनाचे हायेत वो हे, तुमचे का?"

मायनं नळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. गावभरच्या लोकांचे अर्ज लिहिणारी तिची लेक समोर उभी होती, म्हणून तिनं मलाच विचारलं.

"सांग ना वो," माय म्हणाली. "आता कोनाचे म्हनू मी?"

मी एक घसरलेलं वांगं उचलून पुन्हा देठ आत करून ठेवलं. नवरीनं हातातलं वांगं जिथलं तिथे ठेवलं आणि पुढच्या ओट्यावर गेली.